मागचं डिफरन्शियल फुटलं तर: कोल्हापुरात काय जुळतं, काय बदलावं लागतं, आणि का

गाडीचं मागचं डिफरन्शियल वाजायला लागलं की कोल्हापुरातला कुठलाही मिस्त्री आधी एकच सांगतो, "खोलून बघायला लागंल." खोलल्यावर सुटे भाग पाटीवर मांडतो आणि दोन ढीग करतो. एकाकडे बोट दाखवून म्हणतो, "हे हुतंय." दुसऱ्याकडे बघून म्हणतो, "हे न्हाई हुत, नवंच टाकाय पायजे." तुमचा खर्च किती होणार ते या दोन ढिगांवर ठरतं. आजचा लेख त्या दोन ढिगांच्या मधल्या रेघेबद्दल आहे. ती रेघ नेमकी तिथेच का पडते?

माझा पीएच.डी.चा विषय ओतीव लोखंड आणि त्यातलं ग्रॅफाइट हा आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. त्यामुळे उत्तर धातुशास्त्रातच असेल असं तुम्हाला वाटेल. अर्धं उत्तर तिथं आहेच. उरलेलं अर्धं मात्र या शहराच्या इतिहासात आहे, गुऱ्हाळात, उद्यमनगरात आणि दिल्लीच्या आयात परवान्यात. एकदा ते कळलं की 'रिपेअर करू की आख्खी असेंब्ली बदलू' हा प्रश्न बराच सोपा होतो.

आणि हा प्रश्न हौसेचा नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे वडाप करणारी जीप, पहाटे दूध गोळा करणारा टेम्पो, भाजीची ओम्नी या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. डिफरन्शियल बसलं म्हणजे गाडी जागेवर बसली. कमाई बंद होते, हप्ता बंद होत नाही.

आधी पेटीत काय असतं ते बघू

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची चाकं आसावर मोकळी फिरतात, ओढायचं काम बैल करतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते जास्त फिरतं, आतलं कमी फिरतं. कुणाचं काही अडत नाही.

अडचण सुरू होते ती आसालाच ताकद द्यायची झाली की. दोन्ही चाकं एका आसाला घट्ट बांधली तर वळणावर एक चाक घासत जाणार. मोकळी सोडली तर ताकद पोचणार कशी? यावर फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्वर नावाच्या घड्याळजीने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी उत्तर काढलं. आसाचे दोन तुकडे करायचे आणि मध्ये दातेरी चाकांची अशी जुळणी बसवायची की ताकद दोन्हीकडे जाईल, पण वेग वेगवेगळा राहू शकेल. दोनशे वर्षं होत आली, कल्पना तीच आहे.

तुमच्या गाडीत ती अशी दिसते. इंजिनकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन. तो फिरवतो मोठ्या क्राऊनला. क्राऊन बोल्टने आवळलेला असतो एका ओतीव पिंजऱ्यावर, म्हणजे डिफरन्शियल केसवर. केसच्या आत चार लहान दातेरी चाकं, दोन एक्सलची आणि दोन स्टारची (मोठ्या गाड्यांत स्टार चार असतात). केस दोन बेअरिंगांवर फिरते, पिनियनला वेगळी दोन बेअरिंगं. हे सगळं एका हाउसिंगमध्ये, खाली नव्वद नंबरचं ऑइल.

आता या यादीची दोन गटांत फोड करा. हाउसिंग, केस, बेअरिंगच्या बैठका हा एक गट, म्हणजे 'घर'. क्राऊन, पिनियन, स्टार हा दुसरा गट, म्हणजे 'दाते'. मिस्त्रीचे दोन ढीग ढोबळमानाने हेच असतात.

घर बांधायची विद्या गुऱ्हाळातून आली

१८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. १८९५ साली शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीची बाजारपेठ वसली आणि गुळाचा व्यापार तिथं जमला. गूळ म्हणजे ऊस, ऊस म्हणजे चरक. लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक आले तसे त्यांचे लाट, त्यांची दातेरी चाकं, त्यांच्या बैठका झिजू लागल्या, फुटू लागल्या. पंचगंगेच्या काठावर पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली. हेड तडकलं, पुली फुटली, लाइनर घासला, आणि तेही ऐन हंगामात. मुंबईहून भाग मागवायचा तर ऊस वाळून जाणार. मग फुटलेला भागच नमुना म्हणून वापरायचा, लाकडाचं पॅटर्न करायचं, वाळूत साचा घालायचा, लोखंड ओतायचं आणि लेथवर फिनिश करायचं. या गरजेतून शिवाजी उद्यमनगरात एकमेकांना लागून लेथ, भट्ट्या आणि पॅटर्नची दुकानं उभी राहिली. पुढे तिथं दुरुस्तीच नाही तर आख्खी ऑइल इंजिनंही बनू लागली.

नमुना समोर ठेवून यंत्र बनवायची ही वृत्ती फक्त शेतीपुरती नव्हती. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून स्वतःचा सिने-कॅमेरा कोल्हापुरात जुळवला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. शेजारच्या औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर, चरक काढायला सुरुवात केली होती. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं आपल्याकडे अजून सांगितलं जातं.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. चरकाची दातेरी चाकं मोठी, जाड दातांची, सावकाश फिरणारी होती. ती ओतून चालायची. दाता थोडा वाकडातिकडा निघाला तर कानस मारून भागायचं. म्हणजे कोल्हापूर ओतकामात आणि लेथकामात तरबेज झालं ते अशा यंत्रांवर, जिथं दाताचा आकार केसभर चुकला तरी ऊस पिळला जायचा.

जीप आली, सुटे भाग अडकले

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीपा आणि ट्रक बाजारात आले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. ऊस, दूध, माणसं वाहायला, कच्च्या रस्त्यावर चढ काढायला याहून सोयीची गाडी दुसरी नव्हती.

पण त्याच सुमारास देशाचं धोरण बदललं. १९५१ मध्ये उद्योग (विकास व नियमन) कायदा आला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवलं की इथं टप्प्याटप्प्याने भाग बनवायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही, त्यांनी नुसती परदेशी गाड्यांची जुळणी बंद करावी. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये थांबली, फोर्डनेही काम आवरलं. उद्देश चुकीचा नव्हता. देशात भाग बनावेत, परकीय चलन वाचावं. पण ज्याच्या दारात आधीच शेवर्ले किंवा फोर्ड उभी होती, त्याच्या गाडीला पुढच्या काळात भाग कुठून मिळणार? आयातीला परवाना, परवान्याला महिने.

इथं कोल्हापूरची जुनी विद्या कामाला आली, पण अर्धीच. हाउसिंग तडकलं तर इथं सांधलं जायचं. बेअरिंगची बैठक खाल्ली तर लेथवर बोअर करून स्लीव्ह बसायची. एक्सलवर सीलने चर पाडला तर तिथं बुश चढायचा. क्राऊन-पिनियनचे दाते गेले की मात्र सगळे हात टेकायचे. मग एकच वाट, अशीच दुसरी एखादी गाडी शोधायची, जी इंजिनने मेली आहे पण डिफरन्शियलने जिवंत आहे. भंगारातून चांगला जोड काढून बसवायची जी रीत आजही चालते, तिचं मूळ त्या टंचाईत आहे. तिला नुसता कंजूषपणा म्हणणं मला पटत नाही.

दाते ओतून का चालत नाहीत

आता अर्धं उत्तर माझ्या विषयातलं.

ओतीव लोखंडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. साध्या करड्या ओतीव लोखंडात तो ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पाकळ्या कंपनं शोषतात, लेथवर कापायला सोप्या, पण ताण आला की प्रत्येक पाकळी म्हणजे तडा सुरू व्हायची तयार जागा. १९४०च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की ओतण्याआधी रसात थोडं मॅग्नेशियम किंवा सिरियम मिसळलं तर ग्रॅफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमतं. गोळीला टोक नसतं, त्यामुळे तडा सहज पुढे सरकत नाही. हेच आपल्या फाउंड्र्यांमधलं 'एसजी आयर्न'. डिफरन्शियल केससाठी ते फार चांगलं बसतं, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना हे ओतकाम नवं नाही. म्हणजे डिफरन्शियलच्या 'घरा'साठी लागणारी विद्या आज आपल्या शहराची निर्यातीची विद्या झाली आहे.

दात्याचं गणित वेगळं आहे. क्राऊन आणि पिनियन ठोकून घडवलेल्या मिश्रपोलादाचे असतात. दाते कापल्यावर ते सुमारे नऊशे ते साडेनऊशे अंश सेल्सियसला कार्बनयुक्त वातावरणात कित्येक तास ठेवतात. कार्बन वरच्या साधारण एक मिलिमीटरच्या थरात मुरतो. मग विझवतात. वरची कातडी काचेसारखी कडक, आतला गाभा चिवट. वर कडकपणा नसेल तर दाता झिजतो, आत चिवटपणा नसेल तर धक्क्याला तुटतो. दोन्ही एकाच दात्यात पाहिजेत.

शिवाय आकार. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड दाते आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, थोडा खाली असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडीचा तळ बसका करता येतो. दाते वक्र, एकमेकांवर लोळतात आणि घसरतातही. असा दाता कापायला खास यंत्र लागतं. कापल्यावर प्रत्येक क्राऊन त्याच्याच पिनियनसोबत घासून जुळवतात आणि दोघांवर एकच जोड-क्रमांक कोरतात. म्हणजे लग्न लागलेली जोडी. त्यातला एकच बदलला तर नवा-जुना एकमेकांना खातात.

तुटलेल्या दात्यावर वेल्डिंगचा थर चढवून कानशीने आकार दिला तर? टंचाईच्या काळात हेही लोकांनी केलं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दात्यांची कडक कातडीच मरते. गाडी घरापर्यंत येते, घाट चढत नाही. मिस्त्री "न्हाई हुत" म्हणतो तेव्हा तो नकळत हेच धातुशास्त्र सांगत असतो.

मग खिसा हलका असेल तर काय करायचं?

आधी आवाज ऐका. गाडी चालवताना एकसारखी घरघर येत असेल, वेगाप्रमाणे वाढत असेल, तर बहुधा बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आणि पाय काढल्यावर तो बदलत असेल, तर क्राऊन-पिनियनची जुळणी. फक्त वळणावर कटकट होत असेल तर आतले स्टार. गाडी उचलताना मागून 'ठक्' येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. तो स्वस्तातला भाग आहे आणि त्याच्यापायी विनाकारण डिफरन्शियल खोलली जातात.

दुसरं, ऑइल काढून बघा. बारीक चमकदार भुकटी थोडीफार असणारच. पण बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर त्या दिवसापासून गाडी चालवू नका. एक तुटलेला तुकडा दात्यांमध्ये अडकला की दुरुस्त होणारं घरही फोडतो. दोन दिवसांच्या धंद्यापायी खर्च दुप्पट होतो तो इथं.

फक्त बेअरिंगं गेली असतील आणि दाते शाबूत असतील तर दुरुस्तीच करा. बेअरिंगं आणि सीलं एकदमच बदला, कारण खोलायची मजुरी पुन्हा द्यावी लागते. मात्र शिम जपून ठेवा आणि कुठून कुठला निघाला ते लिहून ठेवा. क्राऊन आणि पिनियनमधला मोकळा खेळ बहुतेक लहान गाड्यांत ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास लागतो. म्हणजे वहीच्या एक-दोन पानांची जाडी. तो डायल गेजवर मोजायचा, अंदाजाने नाही. चांगला मिस्त्री तेलात कालवलेला शेंदूर किंवा निळा रंग दात्यांना लावून फिरवतो आणि ठसा दात्याच्या मध्यावर पडतो का ते बघतो. ठसा टोकाला किंवा बुडाशी पडला तर पुन्हा शिम. हे काम वेळ खातं. त्या वेळेचे पैसे आनंदाने द्या. स्वस्त दुरुस्ती आणि सहा महिन्यांत वाया गेलेली दुरुस्ती यांच्यात बहुतेकदा फरक एवढाच असतो.

हाउसिंग तडकलं असेल तर उद्यमनगर आहेच. फक्त ओतीव लोखंड आधी तापवून, निकेलच्या रॉडने, थोडं थोडं सांधायला सांगा आणि नंतर राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत सावकाश गार होऊ द्या. घाईने थंड केलं तर शेजारी नवा तडा जातो.

दाते गेले असतील तर दोन पर्याय. नवा क्राऊन-पिनियन जोड, किंवा जुन्या बाजारातून आख्खी असेंब्ली. जुनी असेंब्ली घ्यायची तर दाते मोजून घ्या. जुन्या लष्करी जीपला क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ दाते, म्हणजे ४.८८चं प्रमाण, आणि नंतरच्या सीजे जीपमध्ये ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. बाहेरून हाउसिंग सारखं दिसतं, आतलं गणित वेगळं. चुकीचं प्रमाण बसलं तर चढाला दम लागतो किंवा सपाटीला इंजिन ओरडतं. फोर-व्हील गाडीत पुढचं आणि मागचं प्रमाण जुळलं नाही तर कोरड्या रस्त्यावर दोन्ही एकमेकांशी भांडून फुटतात. आणि पिनियन हाताने धरून वर-खाली हलवून बघा. फिरता खेळ थोडा चालतो, वर-खाली अजिबात नाही.

बसवल्यावर हायपॉइडसाठी असलेलंच ऑइल घाला. घसरणाऱ्या दात्यांना तेलातली रसायनंच वाचवतात. इथं वाचवलेले पैसे क्राऊन परत घेतो.

ही रेघ आता सरकते आहे

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरगुती गाड्यांमधून मागचं डिफरन्शियल हळूहळू गेलं. ते गिअरबॉक्सच्या पोटात शिरलं. पण ज्या गाड्यांवर पोट चालतं, ओम्नी आणि तिच्या मागची ईको, बोलेरो, २००५ मध्ये आलेली टाटा एस, ट्रक, त्यांच्यात ते मागेच राहिलं. म्हणजे मागचं डिफरन्शियल आता मुख्यतः कष्टकऱ्यांच्या गाडीचा भाग आहे. ते दुरुस्त होतं की नाही, हा प्रश्नही त्यांचाच आहे.

एकेकाळी भाग मिळत नव्हते कारण परवाना नव्हता. आता अडवणूक वेगळ्या जागी होऊ शकते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड सुनावला. कारण होतं, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना खुली न ठेवणं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि पोर्टल काढलं. दिल्लीच्या भाषेतला हा हक्क आपल्या गॅरेजच्या भाषेत फार साधा आहे. किती मिलिमीटरचा शिम, किती ताकदीने बोल्ट आवळायचा, कुठलं ऑइल, हे आकडे मिस्त्रीला मिळाले पाहिजेत आणि जोड बाजारात सुटा मिळाला पाहिजे. आख्खी असेंब्लीच घ्या असं म्हटलं की 'हे हुतंय'चा ढीग रिकामा होतो आणि फरकाचे पैसे गाडीवाला भरतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी मिस्त्री सुटे भाग पाटीवर मांडेल तेव्हा शेजारी उभे राहा आणि प्रत्येक भागाला विचारा, हा का होतो, हा का होत नाही. उत्तरं मोबाईलवर लिहून घ्या, शिमची जाडी आणि दात्यांची संख्या यांसकट. तुमच्या पुढच्या दुरुस्तीत ती कामाला येतीलच. शिवाय चरकापासून जीपपर्यंत या शहराने जे शिकलं ते बहुतेक कुठं छापलेलं नाही, तेवढं तरी लिहिलेलं राहील. तुमच्याकडे अशी टिपणं असतील तर मला जरूर पाठवा. पुढचा लेख त्यांच्यावरच लिहीन.